धनुष्य खेचायचं ते पाठीनं: मुंबईतल्या नवख्या तिरंदाजांसाठी ताकद आणि तंत्राची तयारी

रिकर्व्हच्या, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या ऑलिंपिक धनुष्याच्या, पात्रता फेरीत ७२ बाण मारायचे असतात. धनुष्य ४० पाउंडांचं असेल तर प्रत्येक बाणामागे साधारण १८ किलोंची ओढ. सरावाचे बाण वगळले तरी एका फेरीत तेराशे किलोंच्या आसपास वजन तीन बोटांनी खेचायचं, दर वेळी काही सेकंद हनुवटीखाली स्थिर धरायचं आणि मग सोडायचं. जिममध्ये ६० किलोंचं बेंच प्रेस मारणारा तरुण पहिल्यांदा रेंजवर येतो, कुणाचं तरी ३४ पाउंडांचं धनुष्य उचलतो आणि झटक्यात खेचतोही. तिसऱ्या बाणाला त्याचा खांदा कानाशी गेलेला असतो, दहाव्याला हात थरथरतो. शेजारी एखादी चौदा वर्षांची मुलगी तेवढ्याच पाउंडांवर शंभर बाण मारून निवांत पाण्याची बाटली उघडते.

तिचे दंड त्याच्यापेक्षा बारीकच असतात. पण तिची ओढ दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या, मधल्या स्नायूंवर असते, त्याची दंडावर आणि मनगटावर. या लेखातला प्रत्येक व्यायाम आणि प्रत्येक पायरी ही ओढ हातातून काढून पाठीवर नेण्यासाठी आहे. हे जमायला महिने लागतात, आणि त्या काळात धनुष्य हलकं ठेवण्याचा संयम लागतो. माझ्या मते नवख्या तिरंदाजाचं सर्वांत जास्त नुकसान पाउंड वाढवायच्या घाईनं होतं. महागडी साईट (धनुष्यावर नेम धरायला लावलेलं उपकरण) नसल्यानं कुणाचं फार काही अडत नाही.

आधी माप घ्या

धनुष्याच्या लिंबवर, म्हणजे मुठीच्या वर-खाली जोडलेल्या वाकणाऱ्या पात्यावर, लिहिलेला पाउंडांचा आकडा २८ इंच खेचलं तर किती ओढ लागेल ते सांगतो. तुम्ही २८ इंच खेचत नसाल तर तो आकडा तुमचा नाही. हलक्या रिकर्व्हमध्ये एका इंचाला साधारण दोन पाउंडांचा फरक पडतो. लिंबवर २८ लिहिलंय आणि तुमची खेच २६ इंच आहे, तर तुमच्या बोटांवर २४च्या आसपासच येणार. उंच, लांब हातांच्या माणसाचं उलट होतं. त्याला वाटतं आपण २४ पाउंड मारतोय, प्रत्यक्षात बोटांवर २७-२८ असतात, आणि खांदा का दुखतो हे त्याला कळत नाही.

खेचेचा अंदाज घरी काढता येतो. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा आणि मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर इंचांत मोजून त्याला अडीचने भागा. ६७ इंच आले तर खेच २७ इंचांच्या जरा आत. हा फक्त अंदाज. खरी खेच तंत्र बसल्यावर ठरते आणि पहिल्या काही महिन्यांत ती हमखास वाढते, कारण सुरुवातीला कुणाचाच खांदा पुरता उघडत नाही. २६ इंचांपर्यंत खेच असेल तर ६६ इंची धनुष्य, २६ ते २८ला ६८ इंची, त्यापुढे ७० इंची. उंचीच्या मानाने आखूड धनुष्य घेतलं की शेवटच्या इंचांत ओढ एकदम वाढते आणि दोरी बोटांना चिमटते.

प्रत्यक्ष ओढ मोजायला प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा पुरतो. क्रॉफर्ड मार्केटपासून ऑनलाइनपर्यंत कुठेही मिळतो. एका बाणावर आपल्या खेचेची खूण करायची, काट्याचा हुक दोरीला नॉकच्या, म्हणजे बाणाच्या मागच्या खाचेच्या, खाली अडकवायचा आणि खुणेपर्यंत ओढून आकडा बघायचा. किलोंना २.२ने गुणलं की पाउंड. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढच्या सगळ्या निर्णयांना तो लागतो.

सुरुवातीला किती पाउंड? धडधाकट प्रौढाला बोटांवर १८ ते २२, सडपातळ किंवा पन्नाशीच्या पुढच्या व्यक्तीला १६ ते १८, दहा-बारा वर्षांच्या मुलांना १० ते १४. पैलवानालासुद्धा मी २४च्या वर सुरुवात करू देत नाही. निवड बरोबर आहे का, याची साधी कसोटी अशी: धनुष्य वर आकाशाकडे न नेता, समोर निशाणाच्या उंचीवर ठेवून सावकाश खेचा, हनुवटीखाली दहा सेकंद धरा, तितक्याच सावकाश परत आणा. असं लागोपाठ तीनदा. खेचताना कंबर मागे वाकली, खांदा वर चढला किंवा परत आणताना दोरी हातातून पळाली, तर धनुष्य जड आहे.

पहिले तीन-चार महिने धनुष्य विकत घेऊच नका. जिल्हा संघटनेशी जोडलेल्या क्लबमध्ये शिकाऊ धनुष्यं असतात, ती वापरा. दोरीपासून बोटं जपणारा टॅब आणि पुढचा हात जपणारा आर्मगार्ड मात्र स्वतःचा हवा. टॅब हाताच्या मापाचा नसेल तर बोटांची पकड कधीच बसत नाही.

पाठ कशी तयार करायची

आपल्याकडची दंड-बैठकांची परंपरा मोठी आहे आणि शरीर घडवायला उत्तम आहे. पण दंड हा ढकलण्याचा व्यायाम. छाती, खांद्याची पुढची बाजू आणि दंडाची मागची बाजू त्यात घडते. धनुष्याला याच्या उलट, मागे खेचणारे स्नायू लागतात: दोन फऱ्यांमधले रॉम्बॉइड, ट्रॅपिझियसचा मधला आणि खालचा भाग, खांद्याची मागची बाजू. शिवाय खांद्याचा सांधा जागेवर धरून ठेवणारे रोटेटर कफचे चार छोटे स्नायू. त्यात मुंबईकराचा दिवस म्हणजे आठ-नऊ तास संगणकापुढे आणि दोन-तीन तास लोकलमध्ये मोबाइलवर मान घालून. छाती आवळलेली, खांदे पुढे आलेले, पाठ ताणून सैल पडलेली. अशा शरीराला थेट धनुष्य दिलं तर ते मानेनं आणि दंडानंच खेचणार.

दोरीचा मल्लखांब केलेल्या मुलामुलींना धनुष्य लवकर जमतं, हे मी अनेकदा पाहिलंय. दादरच्या शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिरात मुलं दोरीवर चढतात तेव्हा त्यांची पाठ आणि पकड नेमकी तीच कामं करत असते. घराजवळ अशी सोय असेल तर मुलांना जरूर पाठवा. मोठ्यांसाठी घरच्या घरी, दहा बाय दहाच्या खोलीतही होतील असे व्यायाम पुढे देतोय. लागतं काय, तर एक हलका आणि एक मध्यम रबरी बँड, पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणि एक टॉवेल. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, पंचवीस मिनिटं.

सुरुवात भिंतीपासून. पाठ, डोकं आणि कंबर भिंतीला टेकवा, कोपर खांद्याच्या उंचीवर वाकवून हाताची मागची बाजूही भिंतीला लावा आणि हात सावकाश वर सरकवून खाली आणा. दहा वेळा. मनगटं भिंतीला टेकत नसतील तर तुमची छाती आवळलेली आहे. जोर करू नका, रोज थोडं थोडं करत राहा, महिन्याभरात टेकतील.

मग फक्त फऱ्यांचे दंड. दंड मारायच्या स्थितीत या, हवं तर गुडघे टेकवा, पण कोपर अजिबात वाकवू नका. छाती दोन हातांच्या मध्ये खाली जाऊ द्या म्हणजे फरे एकमेकांजवळ येतील, मग जमीन ढकलून पाठ वर उचला म्हणजे ते दूर जातील. हालचाल जेमतेम दोन इंचांची. बारा वेळा, दोन फेऱ्या. धनुष्य धरणारा हात याच ताकदीवर स्थिर राहतो, म्हणून हा व्यायाम सोपा वाटला तरी गाळू नका.

तिसरा व्यायाम बँडचा. बँड खिडकीच्या ग्रिलला चेहऱ्याच्या उंचीवर बांधा. समुद्राजवळच्या इमारतींत ग्रिल गंजलेलं असतं, आधी हलवून बघा. दोन्ही हातांनी बँड चेहऱ्याकडे ओढा, कोपर बाहेर आणि मागे, शेवटी फरे आवळून दोन सेकंद थांबा. पंधरा वेळा, दोन फेऱ्या. खांदे कानाकडे जात असतील तर बँड जड आहे.

चौथा, एका हातानं ओढणं. डावा हात आणि डावा गुडघा पलंगावर टेकवून पाठ आडवी ठेवा आणि उजव्या हातात पाण्याचा कॅन घ्या. आधी फरा मणक्याकडे सरकवा, मग कोपर मागे न्या. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण धनुष्य खेचतानाही हाच क्रम असतो. खाली नेताना तीन सेकंद घ्या. दहा-दहा वेळा, तीन फेऱ्या, आणि दोन्ही बाजूंनी. तिरंदाजी एकांगी खेळ आहे, आयुष्यभर एकाच हातानं खेचायचं असतं. म्हणून व्यायामात दुसरी बाजू कधीही सोडायची नाही.

रोटेटर कफसाठी बगलेत गुंडाळलेला टॉवेल धरा, कोपर काटकोनात बरगडीला चिकटवा आणि हलका बँड बाहेरच्या बाजूला ओढा. पंधरा वेळा, दोन फेऱ्या. हे स्नायू लहान असतात, इथे जड बँड लावून मर्दुमकी दाखवायची नसते. शेवटी प्लँक आणि दोन्ही कुशींवरचा प्लँक, वीस ते तीस सेकंद. पोट ढिलं असलं की खेचताना कंबर पुढे जाते आणि सगळी रचना बिघडते.

लोकलमध्येही एक गोष्ट करता येते, गर्दी नसेल तेव्हा. वरची कडी धरून उभे असाल तेव्हा हात सरळ ठेवून फक्त खांदा खाली, कानापासून दूर ओढा, पाच सेकंद धरा, सोडा. बाकी शरीर हलता कामा नये. धनुष्याच्या हाताचा खांदा खाली ठेवायची सवय यातून फार चांगली लागते, आणि प्रवासात वेगळा वेळही जात नाही.

खेचण्याच्या पायऱ्या

हे आधी हलक्या बँडवर आरशासमोर करा. डाव्या मुठीत बँड धरून उजव्या बोटांनी हनुवटीपर्यंत ओढायचा. बँड चेहऱ्याजवळ असताना कधीही सोडून द्यायचा नाही, तो डोळ्यावर बसू शकतो. दोन आठवड्यांनी धनुष्य. मी उजव्या हातानं खेचणाऱ्यासाठी लिहितोय, डावखुऱ्यांनी उलट धरावं. आणि तुमचा प्रमुख डोळा कुठला ते आधी पाहून घ्या: दोन्ही तळव्यांच्या मधल्या फटीतून दूरचं घड्याळ बघा, एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो प्रमुख. साधारणपणे त्याच बाजूच्या हातानं खेचावं.

उभं राहणं: पाय खांद्यांइतके दूर, वजन दोन्ही पायांवर सारखं आणि चवड्यांकडे किंचित जास्त. बरगड्या खाली. छाती फुगवून उभं राहिलं की पाठीत पोकळी पडते आणि फऱ्यांना हलायला जागा उरत नाही.

बोटं: एक बोट बाणाच्या वर, दोन खाली. दोरी बोटांच्या पहिल्या पेराच्या खाचेत किंवा किंचित आत. टोकावर धरलेली दोरी निसटेल या भीतीनं सगळा पंजा आवळला जातो. हाताची मागची बाजू सपाट, मनगट सरळ, अंगठा आणि करंगळी दुमडून शांत. बोटं फक्त अडकवलेली असतात, खेचायचं काम त्यांचं नाही.

धनुष्याची पकड: ग्रिपचा दाब अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर, तळहाताच्या आयुष्यरेषेच्या आत. बोटांच्या गाठी उभ्या रेषेशी ४५ अंशांत. मूठ आवळायची नाही. धनुष्य पडू नये म्हणून बोटांना अडकवायची वेगळी दोरी असते, ती लावा आणि हात सैल सोडा.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच लोक उडवतात. धनुष्य उचलताना हात निशाणाच्या किंचित वर न्या, दोरी फक्त दोन-तीन इंच ताणलेली. इथे थांबा आणि डावा खांदा खाली बसवा. ओढ वाढायच्या आत खांदा बसला पाहिजे. एकदा वीस पाउंड अंगावर आले की वर गेलेला खांदा खाली आणणं कुणालाही शक्य होत नाही, आणि वर गेलेल्या खांद्यात रोटेटर कफचा स्नायू हाडाच्या फटीत दाबला जातो. रोज शंभर वेळा दाबला गेला तर तो सुजतोच. डावं कोपर थोडं फिरवून त्याची खोलगट बाजू आत, उभी ठेवा, म्हणजे दोरी हाताला घासणार नाही. खांदा खाली, कोपर फिरलेलं, हात निशाणाकडे लांबवलेला, मगच पुढे.

खेचणं: उजवा फरा मणक्याकडे सरकू लागतो आणि त्याच्यामागे कोपर जातं. कोपराची वाट सरळ मागे नसते. बिजागरीवर दार फिरतं तसं ते खांद्याभोवती वळून पाठीमागे जातं. हात सरळ मागे ओढला तर दंड काम करतो, कोपर वळवलं तर पाठ. दोरी छातीच्या जवळून, हनुवटीच्या थोडी खालपर्यंत आणा आणि मग वर नेऊन जबड्याच्या हाडाखाली टेकवा. उचलताना श्वास घ्या, टेकल्यावर थोडा सोडून थांबा. चेहरा जागचा हलता कामा नये. दोरी चेहऱ्याकडे यायची, चेहरा दोरीकडे नाही.

अँकर, म्हणजे खेचलेला हात टेकवायची ठरलेली जागा: तर्जनीचा वरचा काठ जबड्याखाली घट्ट, दोरी हनुवटीला आणि नाकाच्या टोकाला लागलेली. रोज तीच जागा. ती एक सुताने हलली तरी दूरच्या निशाणावर बाण कितीतरी वर-खाली जातो.

इथे बहुतेकांना वाटतं खेचणं संपलं. खरं तर पाठीचं काम आता सुरू होतं. अँकर लागल्यावर क्षणभरात उजव्या हाताचा पंजा आणि पुढचा हात जाणीवपूर्वक सैल करा आणि ती ओढ फऱ्यावर घ्या. बाहेरून फारसं काही दिसत नाही. वरून पाहिलं तर कोपर बाणाच्या रेषेत किंवा जरा मागे गेलेलं दिसतं, आणि बाजूनं ते बाणापेक्षा किंचित उंच असतं. आतून मात्र स्पष्ट कळतं: दंडातला ताण कमी होतो आणि मणक्याच्या उजव्या बाजूला आवळल्यासारखं जाणवतं. ही जाणीव होत नसेल तर सोबत्याला तुमच्या फऱ्याच्या आतल्या कडेवर बोट ठेवायला सांगा आणि ते बोट चिमटायचा प्रयत्न करा. शब्दांत सांगून जे महिनाभर कळत नाही ते अशा स्पर्शानं पाच मिनिटांत कळतं. मुलींना शिकवताना हे काम मैत्रिणीनं किंवा प्रशिक्षिकेनं करावं.

मग विस्तार. धनुष्याचा हात निशाणाकडे आणि उजवा फरा मणक्याकडे, दोन्ही एकाच वेळी, जेमतेम काही मिलिमीटर. क्लिकर (बाण पुरेसा मागे आला की टक्क वाजणारी पट्टी) लावलेला असेल तर तो याच हालचालीत वाजतो. विस्तार थांबला की शरीर ढिलं पडू लागतं आणि बाण खाली जातो. बोटं उघडायची नसतात, त्यांचा ताण सोडायचा असतो. पाठ खेचत राहते, दोरी आपली वाट काढते आणि हात मानेला घासत कानामागे जातो. सोडल्यावर हात समोरच राहिला असेल तर पाठ आधीच थांबली होती, एवढं नक्की.

अँकरपासून सुटेपर्यंत दोन ते चार सेकंद. सहाच्या पुढे गेलात तर सोडू नका, परत आणा. परत आणणं हे लाजेचं नाही, तेही कौशल्यच आहे आणि त्यानंही पाठ घडते.

धनुष्यावरच घडणारी ताकद

बँड आणि कॅननं पाया होतो. पुढची ताकद धनुष्यच देतं, कारण नेमक्या त्याच कोनात स्थिर धरायची सवय दुसऱ्या कशानं लागत नाही. कोरियन पद्धतीच्या प्रशिक्षणातून जगभर पसरलेला एक सराव त्यासाठी आहे. पूर्ण खेचून धरायचं, बाण सोडायचा नाही, सावकाश परत आणायचं. सुरुवातीला पंधरा सेकंद धरा, तीस सेकंद विश्रांती, पाच वेळा. दर आठवड्याला थोडं वाढवत तीस सेकंद धरणं आणि एक मिनिट विश्रांती, आठ-दहा वेळांपर्यंत न्या. आठवड्यातून दोन-तीनदाच, आणि बाण मारायच्या आधी नव्हे, नंतर. थकल्यावर रचना मोडू लागली की तिथेच थांबायचं, मोडलेल्या रचनेत धरलेला प्रत्येक सेकंद चुकीची सवय लावतो.

हे घरात करता येतं, पण एक धोका आहे. बाण नसताना दोरी सुटली तर तिची सगळी ऊर्जा लिंबमध्येच जाते, लिंब तडकू शकते आणि तुकडा तोंडावर उडू शकतो. म्हणून कोपराला बांधून दोरीत अडकवायचा पट्टा मिळतो, तो वापरा. बोटं निसटली तरी दोरी सुटत नाही, शिवाय ओढ थेट कोपरावर येत असल्यानं पाठ आपोआप कामाला लागते. समोर भिंत असावी, दारातून मूल धावत येईल अशी जागा नको. घरात, गच्चीवर, सोसायटीच्या आवारात किंवा मैदानात बाण मारायचे नाहीत. अठरा पाउंडांच्या धनुष्याचा बाणसुद्धा माणसाला गंभीर जखमी करतो. बाण फक्त रेंजवर.

रेंजवर पहिले सहा आठवडे तीन ते पाच मीटरवरून, निशाणाचा कागद न लावलेल्या कोऱ्या बट्रेसवर (बाण अडवणाऱ्या जाड फळीवर) मारा. गुण दिसले की डोळा निशाणाकडे धावतो आणि पाठ विसरली जाते. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना अधूनमधून फुगा लावून द्या. बाण दिवसाला तीस-चाळीस, मग साठ, मग शंभर. पाच-सहा बाणांनंतर दोन-तीन मिनिटं थांबा. मोबाइल तिपाईवर ठेवून मागून आणि समोरून चित्रण करा. मागून कोपराची रेषा दिसते, समोरून डावा खांदा. पहिल्या आणि शेवटच्या सहा बाणांचं चित्रण शेजारी लावलं की थकवा नेमका कुठे शिरतो ते दिसतं.

पाउंड कधी वाढवायचे

तीन गोष्टी एकत्र जमल्यावर. तीस सेकंद स्थिर धरणं आठ वेळा जमतंय, शंभराव्या बाणालाही डावा खांदा खालीच आहे, आणि दुसऱ्या दिवशी सांध्यात दुखत नाही. मग दोन पाउंड वाढवा. आयएलएफ या प्रमाणित जोडणीच्या (लिंब काढता-बदलता येणाऱ्या) धनुष्यात लिंबचे बोल्ट फिरवून साधारण दहा टक्क्यांच्या पल्ल्यात ओढ कमी-जास्त करता येते, तेव्हा पहिले दोन पाउंड फुकटात मिळतात. त्यानंतर निदान सहा आठवडे तसंच ठेवा. वाढवल्यावर पहिला आठवडा बाणांची संख्या निम्मी करा. ओढ बदलली की बाणांचा कडकपणाही तपासावा लागतो, नाहीतर चांगला सुटलेला बाणही एका बाजूला जातो.

या गतीनं २० पाउंडांवरून ३०ला पोचायला आठ-दहा महिने लागतात. ७० मीटरवर साईट नीट बसायला बोटांवर साधारण ३४-३६ हवेत, म्हणजे दीड वर्षाच्या आसपास. पालकांना हे ऐकवत नाही, मला माहीत आहे. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जिंकला, आणि आता पालक विचारतात की आमच्या मुलाचं कधी होणार. वाढत्या वयातल्या हाडांवर जड धनुष्याचा भार टाकून ते लवकर होत नाही.

ते दोघंही कंपाउंडचे खेळाडू. कंपाउंड धनुष्यात लिंबच्या टोकांवरच्या चाकांमुळे ओढ मध्यावर सर्वांत जास्त असते आणि शेवटी पासष्ट ते ऐंशी टक्क्यांनी उतरते, म्हणून धरणं सोपं पण मधला डोंगर ओलांडणं कठीण. तो ओलांडायला नवखे धनुष्य आकाशाकडे करून झटका देतात. बाण चुकून सुटला तर तो रेंजच्या बाहेर जाऊ शकतो, म्हणून स्पर्धेत पंच हे करू देत नाहीत. कंपाउंडचे बोल्ट ढिले करून शिखर खाली आणा. खुर्चीवर बसून, हात निशाणावर ठेवून सहज खेचता आलं पाहिजे. इंडियन राउंड या देशी प्रकारातल्या बांबूच्या धनुष्यात ओढ शेवटपर्यंत चढतच जाते, तिथे खेच एक इंच आखूड ठेवून सुरुवात केलेली बरी.

दुखलं तर

फऱ्यांच्या मध्ये, पाठीत जडपणा आला तर ते चांगलं लक्षण, दोन दिवसांत जातं. खांद्याच्या पुढच्या टोकाला टोचलं, हात डोक्यावर नेताना कळ आली किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येईना, तर धनुष्य बाजूला ठेवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. वेदनाशामक गोळी घेऊन सराव करू नका. बोटांना दिवसभर मुंग्या येत असतील तर टॅब पातळ आहे किंवा ओढ जास्त आहे. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर बहुतेकदा डावी मूठ आवळली जातेय. आठवड्यातला एक दिवस पूर्ण रिकामा हवा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर मुंबईतला मैदानी सराव तुटक होतो. माझ्या दृष्टीनं हा पाठ घडवायचा हंगाम आहे. आठवड्यात तीन दिवस व्यायाम, दोन दिवस पट्टा लावून धरण्याचा सराव, रेंज उघडी असेल त्या दिवशी कोऱ्या बट्रेसवर साठ बाण. असे चार महिने नियमानं केले तर ऑक्टोबरात चार पाउंड वाढवायची तयारी झालेली असते, अर्थात दोन-दोन करून. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामानं टॅब निसटतो, दोन टॅब जवळ ठेवून आलटून पालटून वापरा.

धनुष्य भिजलं तर त्याच दिवशी पुसून, लिंब काढून पंख्याखाली वाळवा. बोल्टवर तेलाचा हलका हात फिरवा, इथल्या दमट हवेत ते लवकर गंजतात. दोरीला मेण लावा. उन्हात उभ्या गाडीत लिंब ठेवू नका, उष्णतेनं थरांमधला डिंक सुटतो. दोरी चढवताना नेहमी स्ट्रिंगर (दोरी चढवायला मदत करणारी जाड दोरी) वापरा, पायात अडकवून चढवली की लिंब पिळली जाते. पुढची लिंब जुनी घेणार असाल, आणि दोन-दोन पाउंडांनी चढताना तेच परवडतं, तर दोरी चढवून मागून बघा. दोरी दोन्ही लिंबच्या बरोबर मधोमध दिसली पाहिजे. कडांवरून कापसाचा बोळा फिरवा. कापूस कुठे अडकला तर तिथे चीर आहे, ती लिंब कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.